मुळात हायड्रोजन

म्हात्रे पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आले तेव्हा मी पुरणपोळी केली होती. सौदीत पुरणपोळी करायची म्हणजे काय, ते तिथे संसार केलेल्या बाईलाच विचारा. डाळ मिळायची. पण आपला गूळ कुणी सुटीवरून परत येईल तेव्हा यायचा, आणि आला की आम्ही तो खडा खडा पुरवून वापरायचो. तर अशा गुळाची ती पोळी. म्हात्र्यांनी पहिला घास खाल्ला, थांबले, उरलेली पोळी उजेडाकडे धरली आणि विचारलं, "वहिनी, हे कशाचं?"

मला वाटलं, पेणचा माणूस, याला पुरणपोळी माहीत नाही असं कसं होईल. तरी सांगितलं, "चण्याची डाळ, गूळ, वेलची. जायफळ किसून घातलंय थोडं."

"ते झालं. मुळात कशाचं?"

मी आमच्या ह्यांच्याकडे बघितलं. हे आमटीत बघत होते.

"मुळात कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन," म्हात्र्यांनी स्वतःच उत्तर दिलं. "डाळीमुळे थोडा नायट्रोजन. बाकी किरकोळ." आणि मग चांगल्या चार पोळ्या तूप घालून खाल्ल्या. निघताना म्हणाले, "उत्तम होतं." ते माझ्या हाताला म्हणाले की कार्बनला, हे मला आजवर कळलेलं नाही. त्यांची बायको शकू मागे रेंगाळली आणि हळूच म्हणाली, "ताई, मनावर घेऊ नका. हे देवाच्या प्रसादालाही असंच विचारतात."

हे सगळं रहिम्याचं. रास तनुऱ्याला समुद्राकाठी मोठी रिफायनरी आहे ना, तिच्या कुंपणाबाहेरचं गाव म्हणजे रहिमा. आमचे हे तिथे पंपांच्या मेंटेनन्सला होते आणि म्हात्रे प्रयोगशाळेत. तीन मजली बिल्डिंग, सगळ्यात वरच्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं, एक आमचं आणि एक म्हात्र्यांचं. मधे चार फरशा. तळाला हमीदभाईंचा बकाला, म्हणजे किराण्याचं दुकान. हमीदभाई रत्नागिरीचे. दुकानात मराठी बोलायला मिळतं म्हणून आम्ही मीठ संपायच्या आधी मीठ आणायला जायचो.

म्हात्र्यांची नोकरी कशी होती ते सांगते, म्हणजे माणूस समजायला सोपा जाईल. टाक्यांमधलं तेल बाटलीत भरून त्यांच्यापुढे यायचं आणि त्यात गंधक किती, पाणी किती, हे त्यांनी सांगायचं. दिवसभर लोक बाटल्या आणून ठेवणार आणि हे कशाचं ते म्हात्रे सांगणार. इतरांची नोकरी बसमधून उतरलं की संपायची. त्यांची चालूच राहायची. मी वाटीत काही झाकून नेऊन दिलं तर झाकण काढायच्या आधी प्रश्न यायचा. माझ्या बांगड्या कशाच्या, ते मला माहीत नव्हतं. त्या वाळूच्या आणि सोड्याच्या आहेत हे मला म्हात्र्यांनी सांगितलं. इतकी वर्षं लग्नाची बाई वाळू घालून हिंडत होते.

आणि नुसत्या वस्तूंवर भागत असतं तर ठीक होतं. संध्याकाळी बकाल्याबाहेरच्या बाकावर बसले की ते सबंध विश्वाचा रिपोर्ट द्यायचे. "विश्व मुळात तीन चतुर्थांश हायड्रोजन. उरलेलं जवळजवळ सगळं हेलियम. बाकी किरकोळ."

हमीदभाईंना हे फार आवडायचं. रोज ऐकूनही ते नव्यानं विचारायचे.

"काय वो म्हात्रे, सोना?"

"किरकोळ."

"आनि ह्यो तुमचा तेल?"

"किरकोळ."

"आनि ह्ये शेख लोक?"

म्हात्र्यांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नीट बघून घेतलं आणि आवाज उतरवून म्हणाले, "किरकोळ."

हमीदभाईंना रत्नागिरीला नातू झाला तेव्हा ते सगळ्या बिल्डिंगला खजूर वाटत वर आले. म्हात्र्यांनी खजूर घेतला आणि म्हणाले, "अभिनंदन. पहिले काही दिवस बाळ बहुतेक पाणीच असतं." हमीदभाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी म्हटलं, "भाऊजी, असं बोलतात का? नातू कुणावर गेलाय ते विचारावं." म्हात्र्यांनी विचार केला आणि म्हणाले, "ते बाकीच्या भागावरून ठरेल."

एकदा सुटीवरून परत येताना दहरानच्या विमानतळावर कस्टमवाल्यानं त्यांची बॅग उघडली. दुसऱ्यांच्या बॅगेत लोणची, पापड, फार तर कुळथाचं पीठ. यांच्या बॅगेत ओळीनं बाटल्या. पेणच्या विहिरीचं पाणी, अलिबागची वाळू, परसातली माती, गणपतीच्या कारखान्यातली शाडू. शाडू पांढरी आणि पुडीत बांधलेली. त्या माणसानं एक एक बाटली वर धरली आणि विचारलं, "एश हादा?" म्हणजे, हे काय आहे. आता दुसरा कोणीही घामानं भिजला असता. म्हात्रे खूष झाले. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी सरकारी अधिकारी त्यांचा प्रश्न त्यांना विचारत होता. त्यांनी पाण्यापासून सुरुवात केली. बाकीची सगळी फ्लाइट बाहेर पडली, बेल्ट थांबला, झाडूवाले आले, तरी म्हात्रे शाडूपर्यंत पोचले नव्हते. शेवटी त्या माणसानंच "खलास, खलास" म्हणून बॅग मिटली आणि हातानं दार दाखवलं. म्हात्रे घरी येऊन आम्हांला म्हणाले, "या देशात एकच शास्त्रीय खातं आहे, ते म्हणजे कस्टम." शकू त्या सबंध वेळात दुसऱ्याच एका कुटुंबाच्या सामानाशेजारी उभी होती.

शकू म्हणजे त्यांच्या अगदी उलट. बोलणं कमी, हसणं तोंडावर पदर धरून, आणि एकाच गोष्टीत हट्टी. तिला काहीही बंद चालायचं नाही. न्हाणीघराचं दार नुसतं लोटलेलं. आत पाण्याचा आवाज असला की आपण समजून घ्यायचं. गाडीत बसली की काच खाली, मग बाहेर ऑगस्टातला भट्टीसारखा वारा का असेना. घरात एसी चालू आणि खिडकी वीतभर उघडी. वीज सौदीत तेव्हा स्वस्त, म्हणून निभायचं. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "असंच आहे माझं, ताई, लहानपणापासून. बंद झालं की छातीत कुणी मूठ आवळतं." म्हात्रे तिथेच बसले होते. छातीत काय असतं, ती मुळात कशाची, यावर त्यांना खूप बोलता आलं असतं. ते उठून खिडकी आणखी थोडी उघडून आले.

मग ते कुवेतचं झालं. ऑगस्टात एका सकाळी हमीदभाईंच्या रेडिओवर बातमी आली, आणि दोन-चार दिवसांत टपांवर गाद्या बांधलेल्या कुवेती गाड्या मोठ्या रस्त्यानं जाताना दिसायला लागल्या. पाठोपाठ अमेरिकन शिपाई आले, बाजारातलं बाटलीबंद पाणी दिसेनासं झालं, आणि आम्ही बायका भाजी निवडताना क्षेपणास्त्रांबद्दल बोलायला लागलो. थंडी पडेपर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द झाला, गॅस. क्षेपणास्त्रातून विषारी गॅस सोडतील म्हणे. कंपनीनं कागद वाटला की प्रत्येक घरानं एक खोली ठरवा, तिच्या सगळ्या फटी टेपनं बंद करा, दाराखाली ओले टॉवेल घाला, आणि सायरन झाला की आत जाऊन बसा. सायरन पुन्हा वाजून सुटका होईपर्यंत उघडू नका.

आमच्या जिन्यात तो कागद वाचल्यावर प्रत्येकाच्या मनात पहिल्यांदा आली ती शकू. ही बाई अशा खोलीत बसणार कशी?

म्हात्र्यांच्या मनात ते आमच्या आधी आलेलं होतं. त्यांनी कंपनीत खेटे घालून तिच्या एक्झिट रि-एंट्रीचे, म्हणजे देशाबाहेर जाऊन परत यायच्या परवानगीचे, कागद करून आणले, जानेवारीच्या सुरुवातीचं तिकीट आणलं. त्यांना स्वतःला जाता येत नव्हतं. रिफायनरी चालू ठेवायची तर प्रयोगशाळा हवी, आणि पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. शकू म्हणाली, मी जाणार नाही. तेव्हा एका शुक्रवारी ते तिला घेऊन आमच्याकडे आले, चार माणसांसमोर समजूत घालावी म्हणून. चार माणसं म्हणजे मी, आमचे हे, आणि चहा प्यायला वर आलेले हमीदभाई. चौथे म्हात्रे स्वतः.

"शकू," म्हात्रे म्हणाले, "तू नीट विचार कर. पेण काय आणि रहिमा काय, मुळात सगळं एकच आहे. तेच अणू."

शकू माझ्याबरोबर मटार सोलत होती. "एकच आहे?"

"एकच. पृथ्वीवरचं आणि लांबच्या ताऱ्यावरचंसुद्धा एकच. हे सिद्ध झालेलं आहे."

"मग मी इथेच बसते," शकू म्हणाली.

हमीदभाईंनी बशीत चहा ओतला. मग म्हात्रे म्हणाले, "तसं नव्हे. अणू तेच, पण रचना वेगळी असते."

"मला इथली रचना बरी वाटते."

"वहिनी, तुम्ही सांगा हिला."

मी सांगितलं. म्हटलं, "शकू, जा गं. तुला कोंडून घ्यायला जमणार आहे का? तिकडे अंगणात बसशील मोकळी."

"तुम्ही का नाही जात, ताई? मुलं तर चिपळूणलाच आहेत तुमची."

"आमच्या ह्यांना चहा करता येत नाही."

"ह्यांना येतो," शकू म्हणाली. "पण कशाचा करतील त्याचा नेम नाही."

आमचे हे एकदम हसले आणि बैठक तिथेच संपली. जायच्या दिवशी सकाळी टॅक्सी आली. शकूनं खाली जाऊन ड्रायव्हरला घावणे आणि चटणी बांधून दिली आणि रिकामी टॅक्सी परत पाठवली. म्हात्रे ड्युटीवरून आले, दारात तिच्या चपला बघितल्या आणि त्यांच्याशेजारी आपल्या काढून आत गेले.

त्यानंतर त्यांनी बिल्डिंगच्या खोल्या हातात घेतल्या. कंपनीच्या कागदावर त्यांचा विश्वास नव्हता. ते प्रत्येक घरात पेटलेली उदबत्ती घेऊन यायचे, चपला बाहेर काढून, आणि भिंतीच्या कडेकडेनं, खिडकीच्या चौकटीवरून, स्विचबोर्डाभोवतीनं ती उदबत्ती हळूहळू फिरवायचे. धूर सरळ वर गेला तर ठीक. वाकला, तर तिथे फट. पहिल्या मजल्यावर एक केरळी नर्सबाई राहायच्या, त्यांना वाटलं काहीतरी पूजा आहे. त्या हात जोडून मागे मागे हिंडल्या आणि शेवटी प्रसादाला थांबल्या.

आमच्या खोलीला टेप आमच्या ह्यांनी लावली होती. जन्म पंपांच्या गळत्या बंद करण्यात गेलेला, त्यामुळे छाती जरा पुढेच होती. म्हात्र्यांनी उदबत्ती एसीच्या कोपऱ्यात धरली. धूर वाकला.

"नापास," म्हात्रे म्हणाले.

"अहो, ती उदबत्ती हलली तुमची."

"उदबत्ती हलत नाही. हवा हलते."

दुसऱ्यांदाही नापास झाली. आमचे हे जेवायच्या वेळीसुद्धा त्या कोपऱ्याकडे पाठ करून बसायला लागले. तिसऱ्यांदा पास झाली, तेव्हा मी त्यांना न विचारता शिरा केला.

हमीदभाईंच्या दुकानामागच्या खोलीत म्हात्रे उदबत्तीच पेटवेनात. म्हणाले, "इथे उपयोग नाही. गॅस हवेपेक्षा जड असतो. खाली बसतो."

"मंग मी काय करू? तलाला बसून त्याची वाट बघू?"

"वर या."

म्हणून सायरन झाला की हमीदभाई दुकानाला कुलूप घालून, रेडिओ आणि बिस्किटांचा पुडा घेऊन आमच्या खोलीत यायला लागले. कुलूप मात्र घालायचेच. मी विचारलं, अशा वेळी चोर कोण येणार? तर म्हणाले, "गॅस आयला तरी चावी मागूनच आत जायल."

म्हात्र्यांना मी विचारलं होतं, "भाऊजी, तुमची खोली झाली?"

"झाली."

"शकू बसेल ना?"

"बसेल," म्हात्रे म्हणाले, आणि उदबत्तीच्या टोकाकडे बघत खाली गेले. प्रश्नाला रिपोर्ट न देता निघून जाणारे म्हात्रे मी तेव्हा पहिल्यांदा बघितले.

लढाई सुरू झाली ती ऐन संक्रांतीच्या दिवसांत. सायरन बहुतेक रात्रीचे. आम्ही तिघं त्या खोलीत भिंतीला टेकून बसायचो, तोंडाशी ओले टॉवेल, आणि लांब कुठेतरी ढग आपटावेत तसे आवाज. एकदा मी हमीदभाईंना तिळगूळ दिला आणि सवयीनं म्हटलं, गोड बोला. ते टॉवेलातून म्हणाले, "बोलायला तोंड कुठे हाय, वैनी." सकाळी दार उघडलं की मी आधी समोर जायचे. "कशी गेली गं रात्र?" "गेली," शकू म्हणायची. डोळे असे, की पाठ टेकलेली नाही हे दिसायचं. पण बिल्डिंगमधली सगळ्यात पक्की खोली त्यांची, तेव्हा त्याची काळजी मला नव्हती. ती आत बसतेय, हेच मला मोठं वाटायचं.

तिथे संक्रांतीचं हळदीकुंकू म्हणजे आम्ही आपलं दाराआड करायचो, एकमेकींच्या घरी जाऊन. त्या वर्षी बायका निघून गेलेल्या. मला वाटलं, शकूला तरी लावावं. रथसप्तमी जवळ आली होती. दिवेलागणीला मी ताटलीत हळद, कुंकू, तिळगूळ आणि वाण म्हणून हमीदभाईंकडची चहाची गाळणी घेतली आणि समोर गेले. आमचे हे ड्युटीवर, हमीदभाई माल आणायला दम्मामला गेलेले. शकूच्या कपाळाला कुंकू लावते न लावते, तोच सायरन झाला.

मला माझ्या घरी जाता आलं असतं. चार फरशा तर ओलांडायच्या. पण एकटीनं त्या खोलीत बसायचं जिवावर आलं, आणि त्यांची खोली पक्की. मी ताटली घेऊन शकूच्या मागोमाग आत गेले.

खोलीत सगळीकडे टेप होती, आणि काय सुरेख लावलेली. एसीभोवती, प्लगभोवती, कपाटामागे, एक सुरकुती नाही. आणि खिडकी सताड उघडी. पडदा आत उडत होता. खिडकीला लागून खुर्ची होती, तिच्यावर शकू जाऊन बसली. म्हात्रे खाली फरशीवर, खुर्चीच्या पायाला टेकून. प्रयोगशाळेतून मिळालेले दोन मास्क खिळ्याला टांगलेले. शकूला तो तोंडावर बांधवत नव्हता, म्हणून त्यांनीही बांधलेला नव्हता.

"भाऊजी," मी म्हटलं, "ही खिडकी?"

"वहिनी, तुम्ही तुमच्या खोलीत जा. लगेच जा. ही खोली नापास आहे."

"आणि तुम्ही?"

"आम्ही असतो इथे."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की शकूच्या मांडीवर टेपचं भेंडोळं आहे. तिनंच सांगितलं, खाली बघत. "रोज हे माझ्या मांडीवर ठेवतात, ताई. तू म्हणशील तेव्हा खिडकी लावू, म्हणतात. मला म्हणताच येत नाही. मी ह्यांना सांगते, तुम्ही तरी ताईंकडे जाऊन बसा. जात नाहीत."

"तिकडे गर्दी असते," म्हात्रे म्हणाले.

बाहेर सायरन वर चढत होता. गॅस म्हणजे काय, तो किती वेळात काय करतो, हे त्या बिल्डिंगमध्ये एकाच माणसाला नीट माहीत होतं, आणि तो रोज रात्री उघड्या खिडकीखाली बसत होता. मी ताटली पलंगावर ठेवली आणि तिथेच बसले. म्हटलं, "मी पण नाही जात. एकटी काय करू तिकडे?"

"वहिनी, हे बरोबर नाही. उठा."

"नाही उठत."

शकूनं माझ्याकडे बघितलं. मग पलंगावरच्या ताटलीकडे बघितलं. बाई तिच्या घरी हळदीकुंकवाला आली होती, आणि तिच्या घराची खिडकी उघडी होती. तिनं भेंडोळं उचललं आणि म्हात्र्यांच्या पुढे धरलं. "लावा."

"शकू, तू..."

"लावा म्हणते ना. ताईंना काही झालं तर त्यांच्या मुलांना मी काय सांगू?"

म्हात्रे उठले. खिडकी ओढून घेतली आणि टेप लावायला लागले. त्या माणसाचे हात मी बाटलीतलं तेल थेंब न सांडता दुसऱ्या बाटलीत ओतताना बघितलेले; त्या दिवशी टेप त्यांच्या बोटांना चिकटली, दुमडली, दोनदा फुकट गेली. शेवटची पट्टी बसली तशी खोली एकदम लहान झाली. शकूनं माझा हात धरला, तो असा की माझ्या बांगड्या मनगटात रुतल्या. तिचा श्वास वर वर यायला लागला.

म्हात्रे तिच्यासमोर खाली बसले. "शकू, इकडे बघ. ही भिंत." त्यांनी भिंतीवर बोटानं टकटक केलं. "ही मुळात मोकळी आहे. अणू म्हणजे काय सांगितलंय मी तुला? शाळेचं मैदान घे आपल्या पेणचं. मधोमध मोहरीचा एक दाणा. बाकी सगळं मैदान रिकामं. भिंतीत नुसते असे दाणे आहेत, लांब लांब. बाकी सगळी मोकळी जागा."

हा आवाज मला नवा होता. बाकावरचा नव्हे. अंगाईसारखा म्हणेन मी, पण अंगाईत मोहरी नसते.

"आता वर चल. सूर्य म्हणजे एक वाटाणा. तो ठेव आपल्या ओट्यावर, पेणला. तर त्याच्या सगळ्यात जवळचा जो दुसरा तारा, तो वाटाणा कुठे?"

शकूनं मान हलवली.

"वहिनींच्या चिपळूणला. आणि मधे काहीही नाही."

लांबून एक आवाज झाला, खिडकीची काच टेपच्या आत थरथरली. शकू म्हणाली, "वडखळ?"

"वडखळ नाही."

"नागोठणं?"

"नाही. मोकळं."

"कोलाड... माणगाव?"

"माणगाव नाही, महाड नाही. वारासुद्धा नाही. नुसतं मोकळं."

"पोलादपूर तरी," शकू म्हणाली, आणि तिच्या मुठीतला माझा हात थोडा सैल झाला.

"पोलादपूर नाही. कशेडीचा घाट नाही, वळणं नाहीत, एस.टी. नाही."

"आणि आमचं खेड?" मी विचारलं. खेड माझं आजोळ.

"तेही नाही, वहिनी. माफ करा."

शकू हसली. धड हसू नव्हतं, पण त्याच्यापाठी एक लांब श्वास आला आणि तो खालपर्यंत गेला. मग त्यांनी चिपळूणच्या पुढच्या वाटाण्याला हात घातला. तो पार रत्नागिरीच्याही खाली कुठेतरी होता, आणि शकू एकेक गाव विचारत राहिली आणि म्हात्रे एकेक गाव काढून टाकत राहिले.

सुटकेचा सायरन झाला तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी ती टेप फाडली आणि खिडकी उघडली. खारा वारा आला, त्यात रिफायनरीचा नेहमीचा अंड्यासारखा वास. शकूनं डोकं बाहेर काढलं आणि तशीच उभी राहिली.

मी ताटली घेऊन स्वयंपाकघराकडे निघाले. म्हात्रे तिथे ओट्याला धरून उभे होते. कपाळ, मान, सगळं ओलं. मी त्यांना पाणी दिलं. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "भाऊजी, हे आकाशातलं तुम्ही शिकलात तरी कुठे?"

"मी कुठला शिकायला," ते म्हणाले. "मी तेलातला माणूस. गंधक किती, पाणी किती. लग्न झाल्यावर हिला पहिल्यांदा विमानातून आणत होतो. दार बंद झालं आणि हिचा श्वास अडकला. मी म्हटलं, बाहेर बघ केवढं मोकळं आहे. तर विचारते, कुठपर्यंत मोकळं आहे? मला माहीत नव्हतं. दहरान येईपर्यंत खोटंच सांगत बसलो." ते पाणी प्यायले. "मग वाचायला लागलो. हिनं परत विचारलं तर खोटं सांगायला नको."

"मग आम्हांला कधी सांगितलं नाहीत हे, मोकळ्याचं? आम्हांला आपला सारखा हायड्रोजन."

"लोकांना हायड्रोजन पुरतो, वहिनी."

मी दाराशी आले. चपलांत पाय घालत होते, तेवढ्यात ते मागून आले. आतल्या खोलीकडे एकदा बघितलं. शकू अजून खिडकीतच होती. मग चौकटीवरची फट बोटानं चाचपत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "वहिनी, उद्या याल?"

मी पायांतल्या चपला काढल्या, त्यांच्या दाराशी शकूच्या चपलांशेजारी उद्यासाठी नीट लावून ठेवल्या, आणि चार फरशा अनवाणी ओलांडून माझं दार उघडलं.